मराठीतील आजारांची लोकनामे

आजारांची लोकनामे म्हणजे वैद्यकशास्त्राच्या परिभाषेबाहेर, घरात आणि व्यवहारात आजारांसाठी वापरली जाणारी नावे होत. मराठीत अशा नावांचा मोठा साठा आहे. त्यातील काही नावे संस्कृतातून, काही आयुर्वेदाच्या ग्रंथांतून, काही अरबी-फारसीतून, तर काही अलीकडच्या काळात इंग्रजीतून आली आहेत. कांजिण्या, गोवर किंवा डांग्या खोकला यांसारखी नावे वैद्यकातील एकेका ठरावीक आजाराशी जुळतात. पित्त, कावीळ, वात, ताप यांसारखी नावे मात्र एकाच वेळी अनेक आजारांना किंवा केवळ लक्षणांना लागू होतात. एकच नाव रुग्ण, वैद्य आणि डॉक्टर वेगवेगळ्या अर्थाने वापरत असल्यास निदानाला उशीर होणे, चुकीचा उपचार घेतला जाणे किंवा रुग्णावर विनाकारण कलंक बसणे असे परिणाम संभवतात. त्यामुळे हा विषय भाषाशास्त्राइतकाच सार्वजनिक आरोग्याशीही संबंधित आहे.

नावे पडण्याची कारणे

लोकनामे बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्या किंवा शरीराला जाणवणाऱ्या गोष्टीवरून पडतात. धनुर्वातात स्नायू आखडून रुग्णाचे शरीर धनुष्यासारखे मागे वाकते. हत्तीरोगात पाय सुजून हत्तीच्या पायासारखा दिसतो. अर्धशिशीत बहुधा डोक्याची एकच बाजू दुखते. डेंग्यूला हाडमोड्या ताप म्हणतात, कारण त्यात हाडे मोडल्यासारख्या वेदना होतात. हिवतापात ताप चढण्यापूर्वी हुडहुडी भरते आणि त्याच्या नावातील ‘हिव’ या शब्दाचा अर्थ थंडी असा आहे. मुतखडा हे नाव तर आजाराचे स्थान आणि स्वरूप दोन्ही सांगते.

काही नावांमागे उपमेपेक्षा श्रद्धा अधिक आहे. देवी या आजाराचे नाव शीतळादेवीच्या कोपाशी किंवा आगमनाशी जोडलेले आहे. पटकीच्या साथीशी मरीआईचा संबंध जोडला जाई आणि साथ ओसरावी म्हणून तिची पूजा केली जाई. अशा आजारांत रुग्णाच्या घरी सोवळे पाळणे, कडुनिंबाचा पाला वापरणे, स्वयंपाकात फोडणी न देणे असे नियम पाळले जात. गोवर आणि कांजिण्यांच्या बाबतीत काही ठिकाणी ते आजही पाळले जातात.

क्रियापदे आणि वाक्यरचना

मराठीत आजाराचा उल्लेख करताना रुग्ण बहुधा वाक्याचा कर्ता नसतो. ‘मला ताप आला’, ‘त्याला सर्दी झाली’, ‘तिला जुलाब लागले’ अशा वाक्यांत आजार हा कर्ता असतो आणि रुग्ण चतुर्थी विभक्तीत येतो. कोणत्या आजाराला कोणते क्रियापद लागते, हे रूढीने ठरलेले आहे. ताप, देवी, आकडी आणि फेफरे ‘येते’, सर्दी, कावीळ आणि क्षय ‘होतो’, जुलाब, ढास आणि उचकी ‘लागते’, गोवर ‘निघतो’, पित्त ‘उठते’, तर अर्धांगवायूच्या रुग्णाच्या ‘अंगावरून वारे जाते’.

क्रियापद बदलले की काही वेळा अर्थही बदलतो. ‘जुलाब होणे’ म्हणजे अतिसार होणे, तर ‘जुलाब घेणे’ म्हणजे पोट साफ होण्यासाठी रेचक औषध घेणे. ‘पित्त होणे’ म्हणजे छातीत जळजळणे, मळमळणे. ‘पित्त उठणे’ म्हणजे अंगावर खाजऱ्या गांधी येणे. ‘डोळे येणे’ म्हणजे नेत्रश्लेष्मलेचा दाह आणि ‘तोंड येणे’ म्हणजे तोंडात व्रण होणे. मराठी बोलीशी परिचय नसलेल्या डॉक्टराला हे वाक्प्रचार शब्दशः समजून घेता येत नाहीत.

एक नाव, अनेक आजार

पित्त : आयुर्वेदात पित्त हा वात आणि कफ यांच्याबरोबरचा एक दोष आहे. आधुनिक वैद्यकात पित्त हा यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा पाचक रस आहे. दैनंदिन बोलण्यात मात्र पित्त म्हणजे जठरातील आम्लता, आंबट ओकारी, अंगावरच्या गांधी किंवा उलटीनंतर थांबणारी डोकेदुखी यांपैकी काहीही असू शकते. ‘पित्ताने डोके चढले’ असे सांगणाऱ्या रुग्णाला पुष्कळदा अर्धशिशी असते. गांधींचे कारण सहसा ॲलर्जी किंवा तत्सम प्रतिक्रिया असते आणि त्यांचा यकृतातील पित्तरसाशी संबंध नसतो.

या व्यापक अर्थाचा सर्वांत गंभीर परिणाम हृदयविकाराच्या बाबतीत दिसतो. हृदयविकाराच्या झटक्यात छातीच्या मध्यभागी दाब, जळजळ, मळमळ किंवा घाम अशी लक्षणे असू शकतात. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात तीव्र वेदना नसण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी ‘पित्त झाले’ किंवा ‘गॅस धरला’ असे समजून घरगुती उपाय केल्यास हृदयाच्या स्नायूला रक्त मिळेनासे झाल्यानंतरचे मोलाचे पहिले तास वाया जातात.

कावीळ : कावीळ या शब्दाचा संबंध संस्कृतातील ‘कामला’ या शब्दाशी जोडला जातो. वैद्यकीय दृष्ट्या कावीळ हा आजार नसून रक्तातील बिलिरुबिन वाढल्याचे चिन्ह आहे. दूषित पाणी व अन्न यांतून पसरणारा हिपॅटायटिस ए आणि ई, रक्तातून व लैंगिक संबंधांतून पसरणारा हिपॅटायटिस बी आणि सी, पित्तनलिकेत अडकलेला खडा, लेप्टोस्पायरोसिस, मद्यपानामुळे झालेला यकृताचा विकार, काही औषधांचा दुष्परिणाम आणि नवजात अर्भकाची स्वाभाविक कावीळ या सर्वांत डोळे व त्वचा पिवळी पडते. हिपॅटायटिस बी-साठी ‘पांढरी कावीळ’ हे नावही प्रचलित आहे, कारण या संसर्गात डोळे पिवळे दिसतीलच असे नाही.

माळ घालणे, हात धुऊन कावीळ ‘उतरवणे’, झाडपाल्याचे औषध देणे असे उपाय महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. हिपॅटायटिस ए बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. त्यामुळे त्या काळात केलेल्या कोणत्याही उपायाला यश आल्यासारखे वाटते. मात्र पित्तनलिकेतील अडथळा किंवा लेप्टोस्पायरोसिस असे थांबून राहत नाही, आणि गरोदर स्त्रियांमध्ये हिपॅटायटिस ई जीवघेणा ठरू शकतो. सर्वांना एकच नाव असल्यामुळे शेजाऱ्याची कावीळ ज्या उपायाने ‘उतरली’, तोच उपाय आपल्यालाही लागू पडेल असा समज होतो.

मूळव्याध : शौचाच्या वेळी होणारा रक्तस्राव, वेदना किंवा गाठ यांपैकी काहीही असले, तरी लोकभाषेत त्याला मूळव्याध म्हटले जाते. त्यात गुदद्वाराची चीर, भगंदर आणि क्वचित मोठ्या आतड्याचा कर्करोगही येऊ शकतो. संकोचामुळे तपासणी टाळली जाते आणि नाव ठाऊक असल्यामुळे निदान झाल्याचे समाधान मिळते.

गजकर्ण, नायटा आणि इसब : गजकर्ण व नायटा ही बुरशीजन्य त्वचारोगाची नावे असून इसब हा बुरशीमुळे न होणारा त्वचेचा दाह आहे. बोलण्यात या तिन्ही शब्दांची अदलाबदल होते. इसबावर उपयोगी पडणारे स्टेरॉइडयुक्त मलम गजकर्णावर लावल्यास खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी पसरते आणि चट्ट्याचे रूप बदलल्याने पुढे निदान करणे अवघड होते.

एक आजार, अनेक नावे

टायफॉइडला मराठीत विषमज्वर, आंत्रज्वर आणि मुदतीचा ताप अशी नावे आहेत. मुदतीचा ताप हे नाव प्रतिजैविके उपलब्ध होण्यापूर्वीच्या अनुभवावरून पडले आहे. त्या काळी हा ताप काही आठवड्यांची आपली मुदत पूर्ण करूनच उतरत असे. अतिसाराला जुलाब, ढाळ, हगवण असे शब्द आहेत आणि संकोचाच्या प्रसंगी ‘पोट बिघडले’ एवढेच सांगितले जाते. आव हा शब्द मात्र वेगळा असून त्यात शेम पडणे आणि मुरडा येणे अभिप्रेत असते. रक्त पडत असल्यास ‘रक्ती आव’ म्हणतात. अपस्माराला फेफरे, मिरगी, आकडी आणि फिट ही नावे आहेत. त्यांपैकी आकडी हा शब्द लहान मुलांना तापात येणाऱ्या झटक्यांसाठी अधिक वापरला जातो. अर्धांगवायूला पक्षाघात, लकवा आणि पॅरालिसिस असे पर्याय आहेत.

तापाच्या तीव्रतेसाठीही मराठीत सूक्ष्म भेद आहेत. ‘कसर’ म्हणजे हाताला जेमतेम जाणवणारी उष्णता, ‘कणकण’ म्हणजे अंगदुखीसह सौम्य ताप, तर ‘फणफणणे’ म्हणजे तीव्र ताप. संध्याकाळी येणारी कसर अनेक आठवडे टिकणे हे क्षयाचे एक लक्षण असते. तथापि ‘ताप येतो का’ या प्रश्नाला कसर असलेला रुग्ण नकारार्थी उत्तर देण्याची शक्यता असते, कारण त्याच्या भाषेत कसर म्हणजे ताप नव्हे.

ध्वनिसाम्य आणि अर्थांतर

गालगुंड, गलगंड आणि गंडमाळा : गालगुंड हा विषाणूमुळे लाळग्रंथींना येणारा सुजेचा आजार आहे. गलगंड म्हणजे गळ्यातील अवटू ग्रंथीची वाढ. तिचे एक प्रमुख कारण आहारातील आयोडिनची कमतरता हे आहे. गंडमाळा म्हणजे मानेतील लसिका ग्रंथींच्या गाठी असून त्या बहुधा क्षयामुळे होतात. तीन नावे, तीन ग्रंथी आणि तीन वेगळी कारणे असूनही उच्चारातील साम्यामुळे त्यांत गोंधळ होतो.

रक्तपिती आणि रक्तपित्त : आयुर्वेदात रक्तपित्त म्हणजे नाक, तोंड किंवा इतर मार्गांनी होणारा रक्तस्राव. त्याच शब्दापासून आलेला रक्तपिती हा मराठी शब्द मात्र कुष्ठरोगासाठी रूढ झाला.

विषमज्वर : आयुर्वेदात विषमज्वर म्हणजे अनियमितपणे किंवा ठरावीक अंतराने येणारा ताप, अनेक अभ्यासक त्याची तुलना हिवतापाशी करतात. आधुनिक मराठी वैद्यकीय लेखनात मात्र विषमज्वर हा शब्द टायफॉइडसाठी स्थिर झाला आहे. जुना ग्रंथ आणि नवे पाठ्यपुस्तक शेजारी ठेवून वाचणाऱ्या विद्यार्थ्याने हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

कोड : हिंदीत ‘कोढ’ म्हणजे कुष्ठरोग, तर मराठीत ‘कोड’ म्हणजे त्वचेतील रंगद्रव्य नाहीसे होऊन पडणारे पांढरे डाग. कोड संसर्गजन्य नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी संबंध नाही. तरीही नावातील साम्य, तसेच ‘श्वेतकुष्ठ’ हा जुना पर्यायी शब्द यांमुळे कोड असलेल्या व्यक्तींना विवाह आणि नोकरी यांत भेदभाव सोसावा लागला आहे.

काळानुसार झालेले बदल

१४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला देवीची लस देण्यात आली. ही भारतातील पहिली यशस्वी देवीची लस मानली जाते. लसीकरणाचा प्रसार झाल्यावर मराठीत ‘देवी काढणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. अशा रीतीने ‘देवी येणे’ हे आजाराचे आणि ‘देवी काढणे’ हे प्रतिबंधाचे नाव ठरले. भारतातील देवीचे शेवटचे रुग्ण १९७५ मध्ये आढळले आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने देवीचे जगातून निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. आजार गेला, तरी नाव पूर्णपणे गेले नाही. कांजिण्यांना ‘देवी आल्या’ असे म्हणणारी पिढी अजून आहे. नारू या आजाराची गतही अशीच आहे. भारत २००० मध्ये नारूमुक्त ठरला आणि तरुण वाचकांना तो शब्द आता पुस्तकांतूनच भेटतो.

मोडशी या शब्दाचा प्रवास विशेष लक्षणीय आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात पटकीसारख्या आजाराचे वर्णन आहे. मराठी-कोंकणीतील ‘मोडशी’ पोर्तुगीज लेखनात ‘मोर्देशिम’ झाली आणि पुढे फ्रेंचांनी तिला ‘मोर द शियाँ’ असे रूप दिले. त्याचा फ्रेंचमधील शब्दशः अर्थ ‘कुत्र्याचे मरण’ असा होतो. मूळ शब्दाशी त्याचा काहीही संबंध नसून तो केवळ उच्चारसाम्याचा परिणाम आहे. मराठीत मात्र मोडशीचा अर्थ सौम्य होत गेला आणि घरगुती औषधांच्या संदर्भात ती अजीर्णामुळे होणाऱ्या जुलाबांसाठी वापरली जाते. पटकीची जागा बोलण्यात ‘कॉलरा’ने घेतली आहे.

इंग्रजी आणि आद्याक्षरी नावे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून टीबी, बीपी, शुगर, अटॅक, ॲसिडिटी, थायरॉइड हे शब्द मराठीचा भाग झाले. मराठीत येताना त्यांचा अर्थ बदलला आहे. बीपी म्हणजे रक्तदाब आणि तो प्रत्येक जिवंत व्यक्तीला असतो. तरी ‘मला बीपी आहे’ या वाक्याचा अर्थ उच्च रक्तदाबाचा विकार असा होतो. त्याचप्रमाणे ‘शुगर आहे’ म्हणजे मधुमेह आणि ‘थायरॉइड आहे’ म्हणजे अवटू ग्रंथीचा कोणताही विकार. उच्च रक्तदाबाला बहुधा लक्षणे नसतात. ‘आता बीपी नाही’ असे म्हणून गोळ्या बंद करणारा रुग्ण मोजणीत आलेला सामान्य आकडा आणि विकार बरा होणे यांत भेद करत नसतो.

डेंग्यूच्या साथीत ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ असे वारंवार ऐकू येते. पुष्कळदा त्यातून प्लेटलेट अभिप्रेत असतात. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी हे रक्ताचे वेगवेगळे घटक असून डेंग्यूत दोन्हींची संख्या घटू शकते. चिकुनगुनिया हे नाव टांझानियातील माकोंडे भाषेतील असून त्याचा अर्थ वेदनेने वाकून जाणे असा आहे. १९५२ मधील साथीपासून ते वापरात आले. मराठी बोलीत त्याचे ‘चिकनगुनिया’ झाले आणि त्यातून हा आजार कोंबडीमुळे होतो असा गैरसमज पसरला. प्रत्यक्षात तो एडिस डासांमुळे पसरतो.

टाळाटाळ, सौम्योक्ती आणि कलंक

काही आजारांचे नाव घेणे टाळले जाते. कर्करोगासाठी ‘मोठा आजार’ किंवा ‘गाठ’, क्षयासाठी ‘छातीवर डाग’, लैंगिक संबंधांतून होणाऱ्या आजारांसाठी ‘गुप्तरोग’ असे शब्द योजले जातात. याच गटातील उपदंशाला ‘गरमी’ आणि पूयप्रमेहाला ‘परमा’ ही जुनी नावे आहेत. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदीय ग्रंथात उपदंशासारख्या आजाराला ‘फिरंग’ म्हटले आहे. परक्या लोकांच्या नावाने आजार ओळखण्याची ही रीत जगभर आढळते.

स्त्रियांच्या आजारांबाबत सौम्योक्तींचे प्रमाण अधिक आहे. ‘अंगावरून पांढरे जाणे’ म्हणजे श्वेतप्रदर, ‘अंगावर जाणे’ म्हणजे रक्तस्राव आणि ‘अंग बाहेर येणे’ म्हणजे गर्भाशय खाली सरकणे. तिन्ही ठिकाणी ‘अंग’ हा शब्द वेगवेगळे अर्थ धारण करतो. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेले सर्वेक्षण १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले; यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या.

कुष्ठरोगाला ‘महारोग’ म्हटले जात असे. बाबा आमटे यांनी स्थापन केलेल्या वरोरा येथील संस्थेचे नाव महारोगी सेवा समिती असे आहे. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये आर्माउएर हान्सेन यांनी शोधला आणि बहुऔषधी उपचारांनी हा आजार पूर्ण बरा होतो. शासकीय लेखनात आता कुष्ठरोग हा शब्द वापरला जातो. कायद्यातही बदल झाला असून २०१९ च्या सुधारणेने वैयक्तिक कायद्यांतील घटस्फोटाच्या कारणांमधून कुष्ठरोग वगळण्यात आला.

नागीण या आजाराच्या नावाने भीतीही निर्माण केली आहे. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळून कमरेभोवती वेढा पूर्ण झाल्यास रुग्ण दगावतो, अशी समजूत आहे. वस्तुतः हा आजार कांजिण्यांच्याच विषाणूमुळे होतो. कांजिण्या बऱ्या झाल्यावर तो विषाणू मज्जातंतूंच्या गंडिकांत सुप्त राहतो आणि पुढे एखाद्या मज्जातंतूच्या मार्गाने त्वचेवर फोड आणतो. हे मज्जातंतू शरीराच्या एकेका बाजूला असल्यामुळे पुरळ सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. कांजिण्या आणि नागीण यांची नावे पूर्णपणे वेगळी असल्याने त्यांचे हे नाते सामान्य वाचकाच्या लक्षात येत नाही.

आरोग्यसेवेतील महत्त्व

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारख्या पाहण्यांत मातांना, मुलाला गेल्या दोन आठवड्यांत जुलाब, ताप किंवा खोकला झाला होता का, असे विचारले जाते. उत्तराची अचूकता प्रश्नातील शब्द मातेच्या बोलीत कोणत्या अर्थाने रूढ आहे यावर अवलंबून असते. दात येताना होणारे पातळ शौच ‘जुलाब’ मानले जात नसेल, तर त्याची नोंद होत नाही आणि त्या मुलाला क्षारसंजीवनीही मिळत नाही. लहान मुलांच्या न्यूमोनियाला ‘डबा’ असे जुने नाव आहे. आरोग्यसेविकेला स्थानिक शब्द ठाऊक असल्यास जलद श्वास आणि आत ओढली जाणारी छाती ही धोक्याची लक्षणे ती वेळेवर ओळखू शकते.

या कारणाने वैद्यकीय शिक्षणात रुग्णाच्या शब्दांत तक्रार लिहून घेण्याची पद्धत शिकवली जाते. रुग्णाने ‘पित्त’ म्हटल्यास तो शब्द निदान म्हणून न स्वीकारता, नेमके काय होते, कुठे होते, केव्हापासून होते, हे विचारणे आवश्यक मानले जाते.

प्रमाणीकरणाचे प्रयत्न

मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाने (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आजारांच्या अनेक लोकनामांची नोंद केली. आधुनिक काळात महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश यांनी एका संज्ञेला एक अर्थ देण्याचा प्रयत्न केला आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नव्या आजारांना स्थळ, व्यक्ती, प्राणी किंवा समूह यांची नावे देऊ नयेत, अशी शिफारस केली. त्यानुसार २०२० मध्ये नव्या आजाराला कोविड-१९ हे नाव देण्यात आले. मराठी बोलीने मात्र ‘कोरोना’ हाच शब्द स्वीकारला. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी पद्धतींतील आजारांच्या संज्ञांसाठी रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जानेवारी २०२४ मध्ये स्वतंत्र विभाग सुरू करण्यात आला.

प्रमाण संज्ञा नोंदी आणि संशोधन यांसाठी आवश्यक असल्या, तरी त्या लोकनामांची जागा घेतीलच असे नाही. रुग्ण आपली तक्रार स्वतःच्या भाषेतच मांडतो आणि तिचा अर्थ लावण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर राहते.

हेही पाहा

कावीळ
कुष्ठरोग
कोड
देवी (रोग)
नागीण (रोग)
पटकी
विषमज्वर